निर्वात पोकळीचा वाद: तत्त्वज्ञान, धर्मेतिहास आणि प्रयोग एकाच प्रबंधात कसे आणावेत?

फोंड्याची विद्यार्थिनी

सर्व जाणकारांना नमस्कार. मी तत्त्वज्ञानाची पदव्युत्तर विद्यार्थिनी असून पदवीपर्यंत माझा मुख्य विषय भौतिकशास्त्र होता. लघुप्रबंधासाठी मी ‘संपूर्ण रिकामी जागा असू शकते का?’ हा प्रश्न निवडला आहे. ॲरिस्टॉटलने पोकळी अशक्य ठरवली. पॅरिसचे बिशप एतिएन तांपिए यांनी 7 मार्च 1277 रोजी 219 विधाने निषिद्ध केली. आणि 1644 मध्ये इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीचे वर्णन आपल्या पत्रात केले. या तीन टप्प्यांची तीन प्रकरणे करावीत, पहिले तत्त्वज्ञानाचे, दुसरे धर्मेतिहासाचे आणि तिसरे प्रयोगाचे, असा माझा आराखडा आहे.

माझ्या शंका दोन आहेत. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ प्येर द्युएम यांनी असे प्रतिपादन केले होते की आधुनिक विज्ञानाच्या जन्माची तारीख सांगायचीच झाली तर ती 1277 हीच सांगावी लागेल, कारण ईश्वराच्या सामर्थ्याला मर्यादा घालणारी ॲरिस्टॉटलची मते त्या आज्ञेने मोडीत काढली. हा सिद्धान्त प्रबंधाचा कणा म्हणून घेता येईल का? दुसरी शंका अशी की वैशेषिक दर्शनातील आकाश आणि बौद्धांची शून्यता यांवर एक प्रकरण जोडावे असे मला मनापासून वाटते. ते विषयाला धरून होईल की ओढूनताणून आणल्यासारखे दिसेल?

मडगावचे निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक

आपला विषय उत्तम आहे, आराखडा मात्र मला पटला नाही. तीन विद्याशाखांची तीन प्रकरणे केली की तीन लहान प्रबंध एका पुठ्ठ्यात बांधल्यासारखे होतात आणि त्यांची एकमेकांशी गाठ कोठेच पडत नाही. त्यापेक्षा पाऱ्याची नळीच मध्यभागी ठेवावी आणि तिच्या वरच्या टोकाच्या रिकाम्या जागेत कोणाला काय दिसले हे विचारावे. एका बाजूने बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने काठोकाठ भरायची, तोंडावर बोट ठेवून ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी करायची आणि बोट काढायचे. पारा सुमारे 76 सेंटीमीटरवर थांबतो आणि त्याच्या वर काहीतरी, किंवा काहीच नाही, असे उरते. प्रयोग येथे संपतो आणि वाद येथून सुरू होतो.

धर्म एका बाजूला आणि विज्ञान दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी या वादात टिकत नाही. वालेरियानो मान्यी या कापुचिन संघाच्या कॅथलिक पाद्र्याने 1647 मध्ये वॉर्सा येथे पोलंडच्या दरबारात हा प्रयोग करून पोकळी डोळ्यांनी दिसते असे जाहीर केले. त्याच वर्षी पॅरिसमधील जेझुइट संघाचे पाद्री एतिएन नोएल यांनी फ्रेंच गणिती पास्कालला पत्र लिहून ती जागा रिकामी नसून काचेच्या सूक्ष्म छिद्रांतून शिरलेल्या विरळ हवेने भरलेली आहे असा युक्तिवाद केला. अणू आणि पोकळी या दोन्हींचे समर्थन करणारे फ्रेंच तत्त्वज्ञ गासेंदी स्वतः दीक्षित धर्मगुरू होते. उलट देकार्त आणि हॉब्ज हे तत्त्वज्ञ, ज्यांना आपण नव्या विचारांचे म्हणून ओळखतो, ते दोघेही पोकळी नाकारणारे.

पारा हवेच्या दाबानेच तोलला जातो का, म्हणजे उंचीवर तो उतरतो का, हे पाहण्यासाठी पास्कालच्या मेहुण्याने, फ्लोरँ पेरिये यांनी, 19 सप्टेंबर 1648 रोजी क्लेरमाँ गावाजवळच्या प्युय द दोम या डोंगरावर केलेला प्रयोग आपण मूळ वृत्तान्तातून वाचावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पायथ्याशी मिनिम संघाच्या मठाच्या बागेत पारा 26 पूस 3½ लीन भरला आणि शिखरावर 23 पूस 2 लीन. पूस आणि लीन ही त्या काळची लांबीची फ्रेंच मापे; एक पूस म्हणजे आजचे सुमारे 2.7 सेंटीमीटर, तेव्हा साडेआठ सेंटीमीटरची घट झाली. पण मला त्या आकड्यांपेक्षा बागेत मागे राहिलेली दुसरी नळी महत्त्वाची वाटते. ती तशीच उभी ठेवून शास्तँ नावाच्या मठवासी पाद्र्याला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला सांगितले होते आणि संध्याकाळी त्याने पारा हललाच नाही असा निर्वाळा दिला. शिखरावरही पेरिये यांनी एकच माप घेऊन समाधान मानले नाही. तेथल्या लहान चॅपेलच्या आत, उघड्यावर, आडोशाला, वाऱ्यात आणि धुक्यात अशी मापे त्यांनी पुन्हा पुन्हा घेतली. त्यांच्याबरोबर पाद्री होते, न्यायाधिकारी होते, एक वैद्यही होता. प्रयोगाला साक्षीदार लागतात आणि त्या काळात विश्वासार्ह साक्षीदार मठातूनच मिळत, हा धर्मेतिहासाचा मुद्दा अशा तपशिलातून आपोआप उभा राहतो. त्यासाठी वेगळे प्रकरण लागत नाही.

हा प्रयोग आपल्याला येथेही करून पाहता येईल. साखळीहून चोर्ला घाट चढताना समुद्रसपाटीच्या वायुदाबमापकाच्या हिशेबाने दर शंभर मीटरला पारा साधारण 9 मिलिमीटर उतरायला हवा, आणि आजकाल काही मोबाइलमध्येही दाबमापक असतोच. मात्र दुसरे उपकरण साखळीला कोणाकडे तरी ठेवून यावे. आपल्या पट्ट्यात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो सर्वाधिक असतो, आणि हा फरक पाऱ्याच्या भाषेत दोनेक मिलिमीटरचा भरतो. शास्तँ पाद्र्याची गरज का होती, हे त्यावरून लक्षात येईल.

ताळगावचा वाचक, इतिहास

सरांनी प्रयोगाबद्दल लिहिले आहे; मी द्युएम यांच्याविषयी लिहितो, कारण पहिल्या शंकेचे उत्तर ‘नाही, पण द्युएम सोडू नका’ असे काहीसे विचित्र आहे.

1277 च्या यादीतील 49 वे विधान असे होते की ईश्वर आकाशगोलांना सरळ रेषेत हलवू शकणार नाही, कारण तसे केल्यास मागे पोकळी उरेल. हे विधान निषिद्ध झाल्यामुळे, ईश्वराला पोकळी निर्माण करता येते असे मानणे पॅरिसच्या अध्यापकांना भाग पडले. येथवर द्युएम यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु ईश्वर पोकळी करू शकतो असे मानणे वेगळे आणि निसर्गात पोकळी आहे असे मानणे वेगळे. चौदाव्या शतकातील जाँ ब्युरिदाँ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. कला शाखेच्या अध्यापकांना धर्मशास्त्रीय प्रश्नांत शिरण्यास 1272 च्या नियमाने मनाई होती, म्हणून ते या विषयावर जपून बोलतात. ईश्वराच्या सामर्थ्याने पोकळी होऊ शकते हे श्रद्धेवर सोडतात, आणि निसर्गात ती होत नाही हे लोहाराच्या भात्याच्या दाखल्याने सांगतात. भात्याची सगळी छिद्रे बुजवून पाती एकमेकांना चिकटवली तर वीस घोडे जुंपूनही ती उघडणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे आज्ञा निघाल्यानंतरही निसर्गाविषयीचे मत ॲरिस्टॉटलचेच राहिले आणि टॉरिचेल्लीपर्यंत जवळपास पावणेचारशे वर्षे गेली. विज्ञानाचे इतिहासकार कॉयरे यांनी द्युएम यांच्यावर घेतलेला आक्षेप याच दिशेचा आहे. तेव्हा 1277 हा कणा करू नये. फार तर पार्श्वभूमी म्हणून दोन-तीन पानांत ते आटोपावे.

मात्र द्युएम ज्या तीन भूमिकांत वावरले त्या पाहा. ते बोर्दो येथे सैद्धान्तिक भौतिकशास्त्र शिकवत, निष्ठावंत कॅथलिक होते, आणि मध्ययुगीन हस्तलिखिते वाचून त्यांनी विश्वरचनेच्या मतांचा दहा खंडांचा इतिहास लिहिला, ज्याचे अखेरचे खंड 1916 मधील त्यांच्या निधनानंतर अनेक वर्षांनी प्रसिद्ध झाले. त्यांच्या 1906 च्या तात्त्विक ग्रंथातील मुख्य मत असे की भौतिकशास्त्रातील प्रयोग कधीही एकट्या गृहीतकाची परीक्षा घेत नाही. त्याच्यासोबत गृहीत धरलेल्या सगळ्या सिद्धान्तसमूहाची परीक्षा होते, आणि निकाल विरुद्ध गेला तर त्यातील नेमके काय टाकायचे हे प्रयोग सांगत नाही. हे मत पाऱ्याच्या नळीला लावून पाहिल्यास नोएल हट्टी किंवा प्रतिगामी ठरत नाहीत. पारा का थांबला याचे स्पष्टीकरण हवेच्या दाबाने देता येते हे मान्य करूनही वरची जागा सूक्ष्म द्रव्याने भरलेली आहे असे म्हणणे तर्काला धरून होते. देकार्त यांची भूमिका नेमकी हीच होती. पास्कालनेही 1647 च्या पुस्तिकेत ती जागा आपल्या इंद्रियांना कळणाऱ्या सर्व द्रव्यांपासून रिकामी आहे एवढाच सावध दावा केला होता. माझ्या मते आपल्या प्रबंधाचा कणा येथे आहे: द्युएम यांचा इतिहास बाजूला ठेवून त्यांचे तत्त्वज्ञान त्याच काळाला लावायचे आणि ते कोठपर्यंत पुरते ते पाहायचे.

जाता जाता एक गोष्ट. ज्ञानशाखांची सरमिसळ विद्यापीठात खपेल का, ही धास्ती आपल्याला असेल तर कोसबेंला जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींचे नाणेशास्त्रावरील लेख उघडून पाहावेत. व्यवसायाने गणिती असलेल्या या माणसाने हजारो आहत (ठसे मारलेली प्राचीन) नाणी तराजूवर तोलली, चलनात फिरून नाण्याचे वजन किती घटते आणि वजनांतील तफावत किती वाढते याचे सांख्यिकी गणित मांडले, आणि त्यावरून तक्षशिलेच्या साठ्यांचा काळक्रम लावला. मापन आणि इतिहास तेथे वेगवेगळ्या प्रकरणांत नाहीत.

पेडण्याची वाचक, संस्कृत व पाली

दुसऱ्या शंकेपुरते लिहिते. शून्यतेचे प्रकरण करू नये, असे मी स्पष्टच सांगेन. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या पाचव्या प्रकरणात धातूंची (मूलतत्त्वांची) परीक्षा करताना आकाशाचाच दाखला घेतला आहे, आणि लक्षणाच्या आधी आकाश नावाची वस्तू असते हेही तो मान्य करत नाही व ती वस्तू म्हणजे निव्वळ अभाव हेही मान्य करत नाही. त्याचा प्रश्न स्वभावाचा, म्हणजे वस्तूला स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व आहे का याचा, आहे. भांड्यातून हवा काढल्यावर काय उरते, हा नाही. तो टॉरिचेल्लीच्या शेजारी बसवला की दोघांवरही अन्याय होतो, आणि दुर्दैवाने असे लेखन आपल्याकडे पोत्याने होते.

आकाशाची गोष्ट निराळी. वैशेषिकांच्या मते आकाश हे एक, नित्य आणि सर्वव्यापी द्रव्य असून शब्द हा त्याचा गुण आहे. आकाशाचे अनुमानच मुळी शब्दावरून केले जाते. सर्वास्तिवादी बौद्ध आकाशाला असंस्कृत धर्म (कारणांनी न घडलेले तत्त्व) मानतात आणि अडथळा न करणे हे त्याचे लक्षण सांगतात, तर सौत्रान्तिक या दुसऱ्या बौद्ध पंथाच्या मते स्पर्शयोग्य वस्तूचा अभाव एवढेच ते आहे. विशुद्धिमग्ग या पाली बौद्ध ग्रंथात आकाशधातू रूपाच्या (भौतिक वस्तूंच्या) मर्यादा आखणारा म्हणून येतो. साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी या ग्रंथाच्या संपादनावर हार्वर्डमध्ये काम केले होते, हे आपल्याला ठाऊक असेलच. द्रव्य, असंस्कृत धर्म आणि निव्वळ अभाव ही तीन मते सतराव्या शतकातील युरोपीय मतांच्या शेजारी ठेवण्याजोगी आहेत, कारण येथे जागा म्हणजे काय याचाच वाद आहे.

नादाच्या प्रयोगाशी तर यांची थेट गाठ पडते. रोममध्ये गास्पारो बेर्ती यांनी टॉरिचेल्लीच्या आधी काही काळ पाण्याने भरलेली उंच शिशाची नळी उभारून तिच्या टोकाच्या काचपात्रात पोकळी निर्माण केली, तेव्हा जेझुइट किर्शर यांच्या सूचनेवरून आत घंटा बसवून तिच्यावर आदळणारी हातोडी बाहेरून चुंबकाने हलवण्यात आली. घंटेचा आवाज ऐकू आला, आणि नाद आहे त्या अर्थी पोकळी नाही असा निष्कर्ष किर्शर यांनी काढला. नाद घंटेच्या आधारातून काचेपर्यंत पोहोचला असेल, ही शक्यता मात्र उरतेच. पुढे हवा उपसण्याचा पंप वापरणारे इंग्रज शास्त्रज्ञ बॉइल यांनी 1660 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत घड्याळ दोऱ्याने टांगले आणि हवा उपसताच टिकटिक मंदावत नाहीशी झाली. आता वैशेषिकाला विचारा: काचपात्रात आकाश तर आहेच, मग शब्द कोठे गेला? समवायी कारण (ज्यात कार्य राहते ते द्रव्य, येथे आकाश) असले तरी इतर कारणे जुळल्याशिवाय कार्य होत नाही, असे उत्तर तो देऊ शकेल. परंतु हे उत्तर आपण त्याच्या वतीने रचलेले असेल. वैशेषिकांचा भाष्यकार प्रशस्तपाद याच्यासमोर हवा उपसणारा पंप नव्हता, हे प्रबंधात पहिल्याच ओळीत नोंदवावे.

फोंड्याची विद्यार्थिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. देव बरें करूं. आराखडा मी असा बदलते: काळ 1644 ते 1661 एवढाच, म्हणजे टॉरिचेल्लीच्या पत्रापासून बॉइलच्या पंपावर हॉब्जने केलेल्या टीकेपर्यंत, 1277 प्रस्तावनेत, नोएल आणि पास्काल यांचा पत्रव्यवहार हे मुख्य प्रकरण, आणि घंटा व घड्याळ यांच्या निमित्ताने आकाशावर एक छोटे प्रकरण, शून्यतेला पूर्ण वगळून. एक गोष्ट विचारायची राहिली. पोर्तुगालमधील कुइम्ब्रा येथील जेझुइटांनी 1592 मध्ये ॲरिस्टॉटलच्या भौतिकीवर भाष्य छापले आणि त्या काळी पोर्तुगालहून येणारे पाद्री जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकवत होते. गोव्याचा हा धागा घ्यावा का?

ताळगावचा वाचक, इतिहास

मोह समजण्यासारखा आहे, पण या प्रबंधात घेऊ नये. कुइम्ब्राच्या भाष्यात जगाबाहेरील काल्पनिक अवकाशातही ईश्वर असतो असे प्रतिपादन आहे आणि ते नोएल यांची पार्श्वभूमी समजण्यासाठी जरूर वाचावे. ते पुस्तक जुन्या गोव्याच्या वर्गात शिकवले गेले असे लिहायचे असेल तर पाठ्यक्रम, ग्रंथयादी किंवा पत्र यांपैकी एखादा कागद हातात हवा. त्यासाठी पणजीचे पुराभिलेखागार आणि पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्र येथे बसावे लागेल, आणि पोर्तुगीज व लॅटिन दोन्ही लागतील. ते पीएच.डी.चे काम आहे.

मडगावचे निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक

सहमत. आणि एक किरकोळ सूचना: पेरिये यांचे आकडे देताना मूळ पूस आणि लीन तसेच ठेवून सेंटीमीटर कंसात द्यावेत. 12 लीनचा एक पूस होतो. दशमान समजून 3½ लीन म्हणजे 0.35 पूस असे लिहिले तर परीक्षक पहिल्याच पानावर पेन्सिल उचलतील.