गेम सोडल्यावर मुलगा इतका चिडचिडा झालाय, हे नॉर्मल आहे का?

राजेंद्रनगरची आई
मुलगा अकरावीत आहे, बीजीएमआय हा मोबाइलवरचा शूटिंग गेम खेळायचा, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. सहामाहीत मार्क गडगडले तेव्हा त्याने स्वतःहूनच गेम डिलीट केला, आम्ही सुटकेचा श्वास सोडला. पण तेव्हापासून घरात वेगळंच सुरू झालंय. झोप नाही, ताटात पोळीचा तुकडा मोडून नुसता बसून राहतो, आजीने चहा घेतोस का विचारलं तरी खेकसतो. टीव्ही बघताना दोन्ही अंगठे हवेत हलत असतात, त्याचं त्याला कळतही नाही. रात्री नऊ वाजले की आत-बाहेर फेऱ्या. हे म्हणतात नाटकं आहेत. मला तसं वाटत नाही, फार काळजी वाटतेय. परत गेम द्यावा का?

सुदामानगर_काउन्सेलर
ताई, नाटक नाहीये हे. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजार ओळखायच्या पुस्तकात, गेमिंगच्या निकषांत हेच लिहिलंय, की गेम काढून घेतला की चिडचिड, अस्वस्थपणा, उदासी येते. खेळताना मेंदूत डोपामाइन हे बक्षिसाशी जोडलेलं रसायन वाढतं हे लंडनच्या एका अभ्यासात 1998 मध्येच दिसलं होतं. दर दोन मिनिटांनी काहीतरी जिंकायची सवय लागलेल्या मुलाला फिजिक्सचं पुस्तक लगेच कसं गोड लागणार? दारू एकदम सोडली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं, तसा धोका यात नसतो, त्रास मनाचा असतो, पण असतो खरा. मात्र एवढ्यावरून त्याला व्यसनी ठरवू नका. डब्ल्यूएचओची गेमिंग विकाराची व्याख्या 2022 पासून लागू आहे, त्यात सोडल्यावरचा त्रास ही अटच नाही. खेळण्यावर ताबा नसणं, बाकी सगळ्याआधी गेम, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, हे साधारण 12 महिने चाललं तर विकार म्हणतात. तुमच्या मुलाने तर स्वतः डिलीट केलाय, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

पलासियाचा_पोरगा
काकू मी पण यातून गेलोय. नऊ वाजता स्क्वाड, म्हणजे सोबत खेळणारी टीम, ऑनलाइन येतं, त्याला नुसता गेम नाही आठवत, हेडफोनमधले मित्रांचे आवाज आठवतात, ते आपल्याशिवाय खेळतायत हेच फार बोचतं. त्याच वेळेला त्याला घराबाहेर काढा, कोणाबरोबर तरी छप्पन दुकानला खायला पाठवा, बॅडमिंटन लावा, काहीही, पण नऊची वेळ रिकामी ठेवू नका. आणि काकांना सांगा टोमणे नका मारू, एका टोमण्यावर माणूस परत इन्स्टॉल करतो.

राजेंद्रनगरची आई
मित्रांचं तर डोक्यातच आलं नव्हतं रे. पण झोपेचं काय करू? आणि थांबायचं किती दिवस?

सुदामानगर_काउन्सेलर
सकाळी उठायची वेळ पक्की ठेवा, रात्री झोप आली नाही तरी. दुपारची झोप बंद, आणि मोबाइल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, घरातल्या सगळ्यांचा, एकट्या त्याचा नाही. गेम परत द्यायची घाई नको, त्याने मागितला तर ओरडू नका, नीट बसून बोला. बहुतेक मुलांचं काही आठवड्यांत निवळतं. निवळलं नाही, शाळा बुडायला लागली, की सायकिअॅट्रिस्टला दाखवा, आपल्या इथे इंदूरमध्ये बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला किंवा स्वतःला इजा केली तर एक दिवसही थांबू नका, एकटं सोडू नका, तडक दवाखान्यात न्या. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, चोवीस तास चालते, फुकट आहे. तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता ताई.