श्रीनिवास सोसायटी – कच्छ सहल (फक्त कामाचे मेसेज)

कर्णिक बी-५०३ (सकाळी ७.४२)
दामले, यादी आत्ता पाहिली. ‘शुक्रवार : ढोलावीरा, एक दिवस’. शुक्रवारी तिथलं संग्रहालय बंद असतं. पुरातत्त्व खात्याची अशी जागेवरची संग्रहालयं शुक्रवारी बंदच ठेवतात. हे कोणी तपासलं होतं, की पुन्हा लोणारच्या सहलीसारखंच?

दामले, खजिनदार (७.५०)
शुभ सकाळ ताई 🙏 हडप्पाकालीन नगराचे अवशेष शुक्रवारी उघडे असतात. संग्रहालय छोटंसं आहे. लोणारचा विषय वार्षिक सभेत संपलेला आहे.

कर्णिक बी-५०३ (७.५१)
संपवला होता. संपला नव्हता.

पेंढारकर मॅडम सी-२०२ (८.०५)
छोटं असलं तरी ते चुकवू नका. उत्खननात निघालेले मणी, मुद्रा, वजनं बाहेर जागेवर ठेवलेली नसतात. बाहेर दगड, पायऱ्या, नाल्या, भिंती. वस्तू पाहिल्या नाहीत तर निम्मी मंडळी दुपारी म्हणणार, ‘एवढ्या लांब येऊन दगडच बघितले.’

सावंत काका ए-३०४ (८.०९)
जय गुरुदेव दत्त 🙏🙏 काळ्या डुंगरावर दत्तमंदिर आहे, ते यादीत दिसत नाही.

गालाभाई ए-१०१ (८.१५)
दामलेभाई, आधी नाव नीट करा. ढोलावीरा नाही, धोळावीरा. ध आणि ळ. धोळा म्हणजे पांढरा. मराठीत ‘ळ’ असताना वापरत नाही, कमाल आहे.
आता काम. शुक्रवारी धोरडोचं पांढरं रण करा आणि शनिवारी धोळावीरा. नुसती अदलाबदल. हॉटेल भुजलाच आहे, काहीच बिघडत नाही.

दामले, खजिनदार (८.२१)
शनिवारी रस्त्यावर गर्दी असते म्हणून शुक्रवार घेतला होता. कारण होतं. कोणी विचारलं नाही.

गालाभाई ए-१०१ (८.२४)
गर्दी असते ती अकराच्या पुढे. आपण नऊच्या आत पोचलो तर प्रश्न नाही.

तन्मय सी-४०१ (८.३०)
काका, ‘रोड टू हेवन’ तोच ना? रीलसाठी ड्रोन आणू का?

गालाभाई ए-१०१ (८.३३)
तोच. खावडा ते धोळावीरा, मधला तीसेक किलोमीटरचा पट्टा सरळ रणातून जातो. हा रस्ता झाला म्हणून एक दिवसात जमतं. पूर्वी भचाऊ, रापर करून दोनशेच्या वर किलोमीटर एका बाजूने पडायचे. आता भुजहून खावडा साधारण ७०, तिथून पुढे ६५. म्हणजे जाऊन-येऊन २७०.
ड्रोन घरी ठेव. सीमेजवळचा भाग आहे, वर संरक्षित स्मारक. परवानगीशिवाय उडवलास तर सहल चौकीत.

सावंत काका ए-३०४ (८.४०)
काळा डुंगर खावड्याहून जवळ आहे. दत्तमंदिर यादीत घ्यावे ही विनंती.

कर्णिक बी-५०३ (८.४४)
यादीत पुढे लिहिलंय ‘पहाटे ४.३० प्रस्थान’. साडेचारला कोण उठणार? आणि कशासाठी?

दामले, खजिनदार (८.४६)
लवकर पोचण्यासाठी. आत्ताच गालाभाईंनीही तेच सांगितलं.

नेने काका बी-१०२ (८.५८)
साडेचार चूक आहे. भुज आपल्या मुलुंडच्या पश्चिमेला आहे, घड्याळ मात्र तेच. जानेवारीत तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो. साडेचारला निघालात तर सातच्या आत धोळावीराच्या दारात, आणि बाहेर काळोख. रस्ता बघायचा तोही अंधारात गेला. मावळतो मात्र साडेसहाच्या आत. ऊन डोक्यावर येतं ते बाराला नाही, एकला.

गालाभाई ए-१०१ (९.०२)
काका बरोबर. शिवाय अंधारात त्या रस्त्यावर म्हशी, नीलगाय, उंट काहीही आडवं येतं. भुज सहाला सोडा. भिरंडियाराला थांबू नका, तिथला मावा परतीला. सव्वासात खावडा, साडेसातला रणात. सूर्य तिथेच उगवताना दिसेल. वीस मिनिटं फोटो. पावणेनऊला धोळावीरा.

तन्मय सी-४०१ (९.०४)
काका 🔥🔥

दामले, खजिनदार (९.१०)
ठीक आहे. सहा. पण सहा म्हणजे सहा. चहा घेऊन खाली यायचं, खाली येऊन चहा नाही.

कर्णिक बी-५०३ (९.११)
हे कोणाला उद्देशून?

दामले, खजिनदार (९.११)
सर्वांना ताई 🙏

मोहिते बी-३०१ (९.२५)
गाडीचं काय ठरलं? माझ्या मेहुण्याच्या ओळखीतला एक जण भुजला स्वतःची गाडी देतो. निम्म्या पैशात.

गालाभाई ए-१०१ (९.३१)
पांढरी पाटी असेल तर घेऊ नका. खासगी गाडी भाड्याने लावली आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. नाक्यावर पकडली तर उतरवतात ते वेगळंच. पिवळी पाटी, परवाना, आणि बिलावर चार गोष्टी आधी लिहून घ्या : कमीत कमी किलोमीटर किती, वरचा दर किती, मोजणी गॅरेज ते गॅरेज की हॉटेल ते हॉटेल, चालकाचं जेवण कोणाकडे.

दामले, खजिनदार (९.४५)
मला मिळालेला दर : १७ सीटर ट्रॅव्हलर २८ रुपये, एर्टिगा १६ रुपये किलोमीटर. दोन्हीला दिवसाला किमान ३००. आपण २२ जण. ट्रॅव्हलरमध्ये १७, एर्टिगात ५. ८४०० अधिक ४८००, एकूण १३,२००. माणशी ६०० बरोबर. मोजणी गॅरेज ते गॅरेज. २७० आणि गॅरेजचे १०. मर्यादेत.

सावंत काका ए-३०४ (९.४७)
यात काळा डुंगर धरला आहे का?

पेंढारकर मॅडम सी-२०२ (९.५०)
फॉसिल पार्क धरलं आहे का? साइटपासून दहाएक किलोमीटरवर ज्युरासिक काळातलं दगड झालेलं झाडाचं खोड आहे. तिथवर जाऊन ते सोडू नये.

दामले, खजिनदार (९.५८)
फॉसिल २० धरले तर बरोबर ३००. काळा डुंगर म्हणजे आणखी ५०. दोन्ही गाड्या मिळून किलोमीटरला ४४ रुपये. २२०० जादा. माणशी १००. ज्यांना हवं त्यांनी द्यावेत.

सावंत काका ए-३०४ (१०.००)
दत्त महाराजांसाठी शंभर रुपये मी सगळ्यांचे भरतो. पण यादीत घ्या.

मोहिते बी-३०१ (१०.०१)
काका, मग लिफ्टच्या वर्गणीचंही बघा जरा 😄

सावंत काका ए-३०४ (१०.०२)
लिफ्ट पहिल्या मजल्याला लागत नाही तरी गालाभाई भरतात. आपण तिसऱ्यावर राहता.

सेक्रेटरी (१०.०५)
कृपया सहलीचेच मेसेज.

रोहिणी सी-१०३ (१०.३०)
सासूबाई येणार आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे. चढ किती आहे? बसायला, सावलीला काही?

पेंढारकर मॅडम सी-२०२ (१०.४४)
सावली जवळजवळ नाही. वाट खडीची, मधे ओबडधोबड दगड. पहिल्यांदा पूर्वेकडचा मोठा जलाशय लागला की काठावरूनच पाहायला सांगा, खाली उतरायची गरज नाही. मग बालेकिल्ल्यावर एकदाच चढ. तिथली विहीर दाखवा, कडेच्या दगडावर पोहऱ्याच्या दोरीने पडलेल्या खाचा आहेत. उत्तर दरवाजातून खाली सभामैदान दिसतं, २८३ मीटर लांब. त्यांनी तिथूनच परत फिरावं. बाकीच्यांनी मधल्या नगरातून खालच्या नगरात जावं. पूर्ण फेरीला अडीच तास. काठी आणा, चपला नकोत.

तन्मय सी-४०१ (१०.४६)
मॅडम तो दहा अक्षरांचा बोर्ड? जगातली पहिली नावाची पाटी?

पेंढारकर मॅडम सी-२०२ (१०.५२)
उत्तर दरवाजाशेजारच्या खोलीत सापडला. दहा चिन्हं, एकेक सुमारे ३७ सेंटिमीटर, जिप्समचे तुकडे लाकडी फळीवर बसवलेले. फळी कुजून गेली, चिन्हं मातीत जशीच्या तशी राहिली. उघड्यावर दिसेल अशी आशा ठेवून जाऊ नका, चित्र घरून पाहून या. आणि ‘नावाची पाटी’ म्हणू नकोस. ती लिपी अजून कोणी वाचलेली नाही.

मोहिते बी-३०१ (१०.५३)
लिहिलं असेल ‘संग्रहालय शुक्रवारी बंद’.

कर्णिक बी-५०३ (१०.५४)
😂😂😂

दामले, खजिनदार (१०.५९)
हा मेसेज डिलीट केला आहे

नेने काका बी-१०२ (११.२०)
सगळीकडे छापतात की धोळावीरा कर्कवृत्तावर आहे. नाही. कर्कवृत्त २३.४४ अंशावर, धोळावीरा २३.८९ वर. म्हणजे ५० किलोमीटर उत्तरेला. कर्कवृत्त लागतं भुज-खावडा रस्त्यावर. त्यामुळे मुलुंडला वर्षातून दोनदा सावली नाहीशी होते, धोळावीराला एकदाही होत नाही.

मोहिते बी-३०१ (११.२२)
आत्ताच मॅडम म्हणाल्या सावली नाही, काका म्हणतात सावली जात नाही. छत्री आणायची की नाही तेवढं सांगा.

पेंढारकर मॅडम सी-२०२ (११.२५)
छत्री नको. वारा जोरात असतो, उलटते. कडा असलेली टोपी, गळ्याखाली दोरी बांधता येईल अशी. पहाटे मात्र स्वेटर. दोन्ही लागतं, एकाच दिवशी.

नेने काका बी-१०२ (११.४०)
तो पूर्वेकडचा जलाशय ७३.४ मीटर लांब, २९.३ रुंद, खोली सुमारे १० मीटर. ढोबळ गुणाकार २१,५०० घनमीटर. दोन कोटी पंधरा लाख लिटर. आपले दहा हजारी टँकर २,१५० भरले. उत्तरेला मानसर, दक्षिणेला मनहर, दोन्ही पावसाळी ओढे, बाकी वर्ष कोरडे. त्यावर बांध घालून पाणी वळवलं आणि एकापुढे एक जलाशयांत साठवलं. बाजूला सगळं खारं रण. आम्ही मात्र पावसाळी पाण्याच्या टाकीचा ठराव तीन सभा पुढे ढकलतो.

सेक्रेटरी (११.४३)
नेने काका, अंदाजपत्रक दोन ठिकाणांहून मागवलं आहे.

कर्णिक बी-५०३ (११.४४)
मार्चमध्येही मागवलेलंच होतं.

दामले, खजिनदार (११.५०)
कृपया सहलीचेच मेसेज 🙏

रोहिणी सी-१०३ (१२.१०)
स्वच्छतागृह आणि जेवण?

गालाभाई ए-१०१ (१२.१८)
खावडा सोडलं की धोळावीरापर्यंत काही धरू नका. ना टपरी, ना पंप, ना आडोसा, नेटवर्कही जातं. म्हणून टाकी भुजलाच फुल, खावड्याला सगळ्यांनी उतरायचंच. ‘मला नाही जायचं’ म्हणणारा पंधरा मिनिटांत गाडी थांबवायला सांगतो.
पाणी माणशी तीन लिटर, २२ जणांना २० लिटरचे तीन जार आणि वर बाटल्या. जेवण गावात. बाजरीचा रोटलो, खिचडी, कढी, शाक, छास. पण २२ पानं आयत्या वेळी मिळत नाहीत, आदल्या संध्याकाळी फोन करायचा. दाबेली तिथे शोधू नका, ती भुजला आल्यावर.

मोहिते बी-३०१ (१२.२०)
इडल्या पॅक करून नेऊ का?

गालाभाई ए-१०१ (१२.२१)
सकाळसाठी थेपले. इडली दहापर्यंत दगड होते, मग पेंढारकर मॅडम तारीख काढतील.

कर्णिक बी-५०३ (१२.२५)
पांढऱ्या रणाचा परवाना?

गालाभाई ए-१०१ (१२.३१)
तो धोरडोसाठी, म्हणजे आता शुक्रवारी. ऑनलाइन आधी काढा, नाहीतर भिरंडियाराच्या नाक्यावर रांगेत तास जातो. प्रत्येकाचं नाव ओळखपत्रावरच्यासारखंच. धोळावीराला जाताना तिथून डावीकडे वळायचं नाही, सरळ खावडा. मूळ ओळखपत्र मात्र खिशात हवं.
आणि चालकाला बजावा, फोटोसाठी गाडी रस्त्याखाली उतरवायची नाही. वरून कडक पांढरा पापुद्रा दिसतो, खाली चिखल. ट्रॅव्हलर रुतली की ट्रॅक्टर येईपर्यंत दिवस संपला. मुलांनाही लांब सोडू नका.

पेंढारकर मॅडम सी-२०२ (१२.४०)
मुलांचा विषय निघाला म्हणून. साइटवरून खापराचा तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही. मणी दिसला तर तिथेच. २०२१ पासून जागतिक वारसा आहे, आणि कायदा त्याआधीही होताच. फॉसिल पार्कलाही तेच.

सावंत काका ए-३०४ (१२.४५)
सुधारित यादी कधी येणार? काळा डुंगर, दत्तमंदिर. आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसाद देतात.

दामले, खजिनदार (१.१५)
सुधारित. शनिवार : ६.०० भुज. ७.१५ खावडा, १० मिनिटं. ७.३० रण, २० मिनिटं. ८.४५ ते ११.१५ अवशेष. ११.१५ ते ११.४५ संग्रहालय. १२.०० ते १२.४५ फॉसिल पार्क. १.०० ते १.४५ जेवण. २.०० परत. ३.०० खावडा. ३.४५ काळा डुंगर, दत्तमंदिर (सावंत काका, पाहिलं ना?). सूर्यास्त वरूनच. ८.३० भुज. माणशी ७००.

सावंत काका ए-३०४ (१.१६)
🙏🙏🙏🙏

गालाभाई ए-१०१ (१.२०)
छान. डुंगराच्या उतारावर चालकाला गिअरमध्येच उतरायला सांगा. अंधार पडलेला असेल.

तन्मय सी-४०१ (१.२१)
तिथे गाडी आपोआप पळते म्हणे, चुंबकीय टेकडी!

नेने काका बी-१०२ (१.२२)
गाडी उतारावर पळते. यात चुंबकाचं काय?

कर्णिक बी-५०३ (१.३०)
यादी चांगली झाली आहे. शुक्रवार राहिला असता तर झाली नसती, एवढंच.

दामले, खजिनदार (१.३१)
धन्यवाद ताई. आपले ७०० आजच पाठवावेत. लोणारचे २५० अजून येणं आहे.

कर्णिक बी-५०३ (१.३१)
लोणारचा विषय वार्षिक सभेत संपला ना?

मोहिते बी-३०१ (१.३३)
🍿

नेने काका बी-१०२ (१.४०)
बी विंगची टाकी भरून वाहते आहे. अर्धा तास तरी झाला असेल. मोटर कोणी चालू ठेवली?

गालाभाई ए-१०१ (१.४२)
बंद केली.