‘मला चढत नाही’ म्हणणारी मुलं: तुम्ही काय पाहिलंत?

मी किशोरवयीन मुलांची समुपदेशक आहे. दारूचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, आणि मुलं ते छाती फुगवून सांगतात: “मला चढत नाही.” घरातली मोठी माणसंही ते ऐकून थोडी निर्धास्त होतात. हा धागा त्या वाक्यासाठी काढतेय, कारण मुलं बऱ्याचदा खरंच सांगत असतात आणि धोका तिथेच आहे.

मोठ्या माणसाला जास्त झाली की डोळे मिटायला लागतात, तोल जातो, जीभ जड होते. नाइलाजाने का होईना, पिणं थांबतं. कोवळ्या वयात ही पेंग आणि हा तोल जाणं उशिरा येतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे वारंवार दिसलंय. मुलांना प्रयोगासाठी दारू पाजता येत नाही, त्यामुळे माणसांमधला थेट पुरावा कमीच राहणार. त्याच प्रयोगांत स्मरणशक्तीला बसणारा फटका मात्र कोवळ्या वयात जास्त दिसतो. म्हणजे मुलगा ताठ उभा आहे, गप्पा मारतोय, आणखी ओतून घेतोय, आणि आत मेंदूचं काम बिघडत चाललंय.

घरात, वर्गात, मैदानावर, दवाखान्यात जे पाहिलंत ते लिहा. ओळख पटेल असे तपशील नकोत.

मोठी बहीण

धाकटा भाऊ तेव्हा सोळाचा. मित्राच्या वाढदिवसाहून आला. स्वतःच्या किल्लीने दार उघडलं, माझ्याशी परीक्षेबद्दल बोलला, फोन चार्जिंगला लावून झोपला. वास येत होता, पण वागणं इतकं नीट होतं की मी आईला उठवलं नाही. सकाळी मी त्या बोलण्याचा विषय काढला तर तो माझ्याकडे बघतच राहिला. घरी कसा आला, कोणासोबत आला, काहीच आठवेना. हसून टाळायचा प्रयत्न केला, पण घाबरलेला दिसत होता. मीही घाबरले. रस्ता ओलांडून आला असेल ना तो!

समुपदेशक

ताई, याला ‘ब्लॅकआउट’ म्हणतात. शुद्ध हरपणं वेगळं. इथे माणूस जागा असतो, चालतो, बोलतो, पण मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग त्या वेळेच्या आठवणी साठवतच नाही. म्हणून नंतर कितीही आठवून पाहिलं तरी हाती काही लागत नाही. रक्तातलं दारूचं प्रमाण झपाट्याने वाढलं की हे होतं. रिकाम्या पोटी, पैजेवर, भराभर पिणं हे त्याचं नेहमीचं कारण, आणि मुलं नेमकी तशीच पितात.

तातडीच्या विभागातली परिचारिका

मी रात्रपाळ्या खूप केल्या आहेत. मुलांना घेऊन येणारे मित्र जवळपास नेहमी एकच सांगतात: “आम्हाला वाटलं, झोपला की उतरेल.”

शेवटचा घोट घेतल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते. म्हणजे मुलगा आडवा झाला तेव्हा होता त्याहून थोड्या वेळाने जास्त वाईट असू शकतो. यकृत आपल्या गतीनेच काम करतं; मोठ्या माणसाचं यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल निकालात काढतं. कॉफी, गार पाण्याची अंघोळ, फेऱ्या मारायला लावणं यांनी ही गती वाढत नाही. अंघोळीने उलट अपाय होतो, कारण दारूने शरीराचं तापमान आधीच उतरलेलं असतं. रक्तातली साखरही घसरू शकते. लहान वयात यकृतातला साखरेचा साठा कमी असतो, त्यात मूल उपाशी असेल तर झटके येण्यापर्यंत मजल जाते.

एका मुलीला तिच्या मैत्रिणी खूप उशिरा घेऊन आल्या. तिच्या घरी कळू नये म्हणून त्यांनी तिला गादीवर उताणं झोपवून ठेवलं होतं. तिला उलटी झाली, आणि जास्त दारूत घशाची आपोआप ठसका देऊन वाट मोकळी करण्याची ताकदच मंदावते. उलटी श्वासनलिकेत गेली. एकीने वेळेवर पाहिलं म्हणून ती वाचली, पण फुप्फुसांच्या संसर्गाने बरेच दिवस अंथरुणात होती. त्या मैत्रिणी बाहेर बाकावर रडत होत्या. वाईट मुली नव्हत्या हो त्या. ओरडा बसेल या भीतीपोटी त्यांनी वाट पाहिली, एवढंच.

म्हणून लिहून ठेवते. हाक मारून, चिमटा काढून जाग येत नसेल, मिनिटाला 8 पेक्षा कमी श्वास चालत असतील, दोन श्वासांत 10 सेकंदांपेक्षा जास्त खंड पडत असेल, अंग गार आणि ओठ निळसर पडत असतील, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. ही सगळी लक्षणं एकदम दिसायची वाट बघू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत कुशीवर ठेवा आणि जवळून हलू नका.

धावण्याचा प्रशिक्षक

माझं थोडक्यात. रविवारी सकाळी कोण प्यायलं होतं ते मला घड्याळ सांगतं. मुलं म्हणतात, “सर, आठ तास झोपलो.” झोपली असतीलही, पण दारूने रात्रीचा पुढचा भाग तुटक होतो आणि स्वप्नांची झोप कमी पडते. लघवी जास्त होऊन शरीरातलं पाणी घटतं ते वेगळंच. स्नायू भरून येण्याच्या वयात ही झोप गेली की सरावाचं निम्मं चीज होत नाही.

चोविशीतली एक मुलगी

मी चौदाव्या वर्षी सुरू केली. मी अतिशय बुजरी. दोन घोट गेले की वर्गातल्या मुलींशी हसून बोलता यायचं, आणि त्या मला ‘किती मजेशीर आहेस’ म्हणायच्या. कोणी कधी म्हटलं नव्हतं. हळूहळू दोन घोटांनी काही होईना. दुसऱ्या दिवशी छातीत धडधड, काय बोललो असू याची भीती, आणि ती घालवायला पुन्हा तेच. सतराव्या वर्षापर्यंत न पिता कोणाच्या घरी जाणं मला जमेनासं झालं होतं. त्या वयात बाकीच्या मुली अडखळत, लाजत जे बोलायला शिकल्या ते मी आता शिकतेय. माझ्याबद्दलही सगळे म्हणायचे, हिला चढत नाही.

समुपदेशक

हे लिहिलंस, फार मोलाचं आहे. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीवर आधारलेला अभ्यास 1997 मध्ये आला. 15 वर्षांच्या आत सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेले होते. विशीत सुरुवात केलेल्यांमध्ये ते प्रमाण साधारण 10 टक्के होतं. सगळा दोष वयाचा नाही. आनुवंशिकता, घरातलं वातावरण, आधीचं दुःख यांचाही वाटा असतो. पण सारासार विचार आणि आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो, आणि दारूची पहिली सोबत त्याआधीच मिळाली तर ती सवय मुळापर्यंत जाते.

कॉलेजातला मुलगा

एनर्जी ड्रिंकबद्दल कोणी लिहिलं नाही. आमच्यात दारू त्यातच घालून पितात. कॅफीनमुळे पेंग येत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं आपण ठीक आहोत. रक्तातली दारू तेवढीच असते. मी पाहिलेली सगळी मोठी भांडणं आणि ‘गाडी मीच चालवतो’चे हट्ट याच रात्रींचे आहेत.

पंधरा वर्षांच्या मुलीची आई

आमच्याकडे वाद आहे. हे म्हणतात, घरीच आपल्यासमोर थोडी चाखू दे, बाहेर जाऊन बेताल होणार नाही.

समुपदेशक

हा समज खूप घरांत आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे 1,900 मुलांना बाराव्या वर्षापासून सहा वर्षं अभ्यासलं गेलं. त्याचा निष्कर्ष 2018 मध्ये आला: आईवडिलांनी दारू दिल्याने मुलांचं संरक्षण झाल्याचं दिसलं नाही, उलट अशी मुलं दुसरीकडूनही मिळवण्याची शक्यता वाढली. मला विचाराल तर देऊ नका. त्याऐवजी तिला सांगा, कितीही वाजता फोन कर, आम्ही न्यायला येऊ आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. आणि तो शब्द पाळा. बोलणं दुसऱ्या दिवशी, जेवून झाल्यावर.

आई

हे आजच सांगते. परिचारिका ताई, असा फोन आलाच आणि दवाखान्यात न्यावं लागलं, तर तिथे काय काय सांगायचं?

परिचारिका

काय प्यायली, अंदाजे किती, शेवटची कधी. पडली होती का, डोक्याला लागलं का. मधुमेह, फिट्स असं काही आहे का. आणि सोबत कुठली गोळी घेतली का, विशेषतः झोपेची किंवा दुखण्यावरची. हे लपवू नका, उपचार त्यावर ठरतात. गोळी घेतली असेल तर तिचं पाकीट घेऊन या.