पणजोबांच्या पेटीतलं पत्र राजा रवी वर्मांचं असेल का?

म्हापसेकर:
नमस्कार मंडळी. आमचं जुनं घर म्हापशाला, पणजोबांचं बाजारात कापडाचं दुकान होतं आणि सोबत फ्रेम केलेल्या तसबिरीपण विकायचे. चवथीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पेटीत एक इंग्रजी पत्र मिळालं, शाईने लिहिलेली दोन पानं, वर मळवली (लोणावळ्याजवळचं) लिहिलंय पण तारखेचा कोपरा वाळवीने खाल्लाय. लक्ष्मी-सरस्वतीच्या किती प्रती पाठवतो, घाऊक घेतल्या तर भाव काय, पैसे आधी पाठवा असं सगळं आहे आणि खाली सही रवी वर्मा अशी वाचता येते. लिफाफापण आहे. खुद्द त्यांच्या हातचं असेल का? बाबा म्हणतात लॅमिनेट करूया, आणि एक ओळखीचा माणूस परदेशातल्या गिऱ्हाईकाला विकून देतो म्हणतोय.

शिळाछाप:
आधी लॅमिनेशन थांबवा प्लीज!! ते परत निघत नाही, कागद कायमचा जातो.
आता पत्राचं. रवी वर्मांनी छापखाना 1894 ला मुंबईत काढला, पुढे तो मळवलीला हलवला, म्हणजे पत्त्यावरूनच मुंबईचा काळ बाद झाला. पण मुंबईत प्लेग आणि वर कर्ज, त्यामुळे थोड्याच वर्षांत त्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकला आणि नाव मात्र रवी वर्मा प्रेस हेच राहिलं. 2 ऑक्टोबर 1906 ला रवी वर्मा वारले. त्यामुळे लिफाफ्यावरचं तिकीट बघा. व्हिक्टोरिया राणी असेल तर आशा आहे (जुनी तिकिटं नंतरही वापरत, तेवढी खात्री नाही), एडवर्ड राजाची तिकिटं 1902 पासूनची आणि पंचम जॉर्जची 1911 पासूनची. शिक्क्यात साल असतं, भिंग लावून वाचा. आणि जुनं निघालं तरी लगेच त्यांचं अक्षर समजू नका, धाकटे भाऊ सी. राजा राजा वर्मा त्यांचं बरंच काम बघायचे.

फोंड्याची_सून:
वाचून अंगावर काटा आला. आमच्या देवखोलीत त्यांचीच लक्ष्मी आहे, सासूबाई रोज तिला फूल वाहतात, आणि ती गोव्यात कशी आली असेल हा विचारच कधी केला नव्हता. 1884 ला बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवरावांनी त्यांना पत्रात सुचवलं होतं की दोन हातांनी किती जणांना चित्रं पुरवाल, निवडक चित्रं युरोपला पाठवून छापून घ्या. दहा वर्षांनी त्यांनी इथेच छापखाना काढला. आणि त्याचं एक टोक म्हापशाच्या बाजारात, तुमच्या पणजोबांच्या दुकानात!

कागदवेडा:
विकायचं मनात असेल तर सांभाळून. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे 75 वर्षांहून जुनं ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित पुरावस्तूत धरलं जातं, ते परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही. रवी वर्मांची चित्रं तर राष्ट्रीय कलाठेवा आहेत. ओळखीच्या माणसाला नाही म्हणा. पणजीच्या पुराभिलेख खात्यात दाखवा आणि तोवर अॅसिड नसलेल्या कागदात सपाट ठेवा, भिंतीला टेकवू नका, आपल्याकडच्या पावसात बुरशी चार दिवसांत धरते. पेन्सिलनेसुद्धा काही लिहू नका. दोन्ही बाजूंचे फोटो मात्र काढून ठेवा.

म्हापसेकर:
सगळ्यांना देव बरें करूं. बाबांनी लॅमिनेशन रद्द केलं! भिंगाने बघितलं, शिक्का अर्धा पुसलाय पण शेवटी 13 स्पष्ट आहे. म्हणजे ते जाऊन सात वर्षं झाली होती. जरा वाईट वाटलं खरं.

शिळाछाप:
वाईट का वाटावं? लिफाफा याच पत्राचा असेल तर ते छापखान्यातल्या कोणीतरी त्यांच्या नावाने लिहिलंय. 1972 ला तिथे आग लागून बरंच जळलं, त्यामुळे छापखान्यातून गोव्याच्या दुकानदाराला लिहिलेलं भावाचं पत्र मी चित्रकाराच्या सहीपेक्षा कमी मानणार नाही. भाव आणि प्रतींचे आकडे जसेच्या तसे टाइप करून टाकाल का इथे? आणि घरात त्या काळची तसबीर असेल तर खाली प्रेसचं नाव बघा. नवीन ऑफसेटमध्ये भिंगाखाली ठिपके एकसारखे ओळीत दिसतात, त्या काळच्या दगडावरच्या छपाईत वेडेवाकडे.

म्हापसेकर:
हॉलमध्ये सरस्वती आहे, फ्रेमच्या पट्टीखाली काहीतरी छापलेलं दिसतंय. रविवारी काका येणार, त्यांच्यासोबत हळूच उघडतो आणि आकडेपण टाकतो.