घरी केलेली लपण : काडीकचऱ्याची की कापडाची?

रानपिंगळा
पक्ष्यांचे जवळून फोटो काढायचे तर जमिनीवर लपण, म्हणजे आत दडून बसायचा आडोसा, लागते. ती कशाची करावी याबद्दल माझं मत पक्कं आहे. जागेवर पडलेल्या वाळक्या फांद्या, गवत आणि पालापाचोळा एवढंच वापरावं. कापड नको. कापड वाऱ्यावर हलतं, आणि पक्षी रंगापेक्षा हालचालीला आधी बुजतो. रंगाचंही म्हणाल तर आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यात चार. अतिनील उजेड त्यांना दिसतो. कपडे उजळ दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे रसायन घालतात, ते अतिनील उजेड शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. आपल्याला मातकट वाटणारं धुतलेलं कापड त्यांना तसंच दिसेल याची खात्री कोण देणार? काड्यांच्या भिंतीला सरळ कडाच नसतात, त्यामुळे ती आसपासच्या झुडपांत मिसळून जाते.

ओलेती
साफ असहमत. काड्यांच्या भिंतीतून उजेड झिरपतो, आणि सगळं तिथेच फसतं. बाहेरून लपण कितीही बेमालूम असू दे, तुमच्या पाठीमागून उजेड आला की तुमची काळी आकृती समोरच्या फटीतून स्पष्ट दिसते. मान वळवली तरी कळते. आत अंधार हवा, म्हणजे पाठ, बाजू आणि छत पूर्ण बंद. चार बांबू रोवा, वर तरट ताणा, आतून काळं कापड लावा आणि भिंगापुरतीच खिडकी ठेवून तिच्यावर जाळी सोडा. खालच्या कडा खुंट्यांनी ताणल्या किंवा दगडांखाली दाबल्या की फडफड होत नाही. तरट धुवायचंच कशाला? त्यावर तिथलीच ओली माती चोळली की झालं. काम संपलं की घडी घालून परत न्यायचं, जागा होती तशी राहते.

वाटाड्या
ओलेतींना +१. 'पडलेल्या फांद्या' असं लिहितात सगळे, प्रत्यक्षात कोयता चालतो. ज्या झुडपाच्या आधाराने पक्षी तिथे येत होते तेच उघडं पडतं. आणि तोडलेला पाला दोन दिवसांत सुकून वेगळाच दिसायला लागतो.

रानपिंगळा
तोडणाऱ्यांचं समर्थन मी करत नाही, वाळक्या फांद्या असं मी स्पष्ट लिहिलंय. मुद्दा असा की पक्ष्याला ओळखीचं काहीतरी दिसलं पाहिजे. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी केअरटन या भावांनी १९०० साली पोकळ बैल करून त्यात बसून फोटो काढले. कुरणात बैल दिसला म्हणून पक्षी बिथरत नाहीत.

ओलेती
तो बैल माझ्याच बाजूने बोलतो! हलक्या लाकडी सांगाड्यावर ताणलेलं कातडं, उचलून दुसरीकडे नेता येणारं. आजच्या कापडी लपणीचा तो पूर्वजच आहे.

टिटवी
तुम्ही दोघेही भिंतीबद्दल भांडताय आणि ती कुठे उभी करायची हे कुणीच बोलत नाही. लपण ही मुळात शिकाऱ्याची युक्ती. सावज एकदा टप्प्यात आलं की त्याचं काम झालं, पुढे त्या जनावराच्या दिवसाचं काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आपल्याला ते असायला हवं. आपण उठून गेल्यावरही त्या पक्ष्याचा दिवस जसा चालला होता तसाच चालायला हवा.

म्हणून माझं म्हणणं, घरट्याजवळ लपण नकोच, कुठल्याही सामानाची. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. कडक उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते. तुम्ही बांबू रोवत बसलात आणि ती डोक्यावर ओरडत फिरत राहिली, तर तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात. फोटोत 'मध्ये येतात' म्हणून घरट्यापुढच्या काड्या बाजूला केल्या तर सावलीही जाते आणि कावळ्याला वाटही मोकळी होते. पाणवठ्याच्या काठाला बसा. तिथे पक्षी स्वतःहून येतो आणि नको वाटलं तर दुसऱ्या काठाला जातो. घरट्यावरच्या पक्ष्याला ती मोकळीक नसते.

दूरदर्शक
कळकळ पोचली, पण सरसकट बंदी पटत नाही. पिल्लांना काय भरवतात, नर-मादी पाळी कशी वाटून घेतात, यातलं बरंचसं ज्ञान घरट्याजवळच्या लपणीतूनच आलं आहे. रीत जुनी आहे. लपण लांब उभी करायची, दिवसागणिक थोडी पुढे सरकवायची, पक्षी बिचकला की मागे घ्यायची. आणि आत शिरताना दोघांनी जायचं, एकाने परतायचं. माणूस निघून गेला असं समजून पक्षी बहुधा निवांत होतो.

टिटवी
ती रीत अभ्यासकांसाठी, आणि पक्षी बिचकलाय हे ज्याला ओळखता येतं त्याच्यासाठी. सुट्टीच्या दिवशी एका फोटोसाठी येणारा माणूस दिवसागणिक लपण सरकवणार आहे का? नाही सरकवणार. त्याच्यापुरती बंदीच बरी.

रानपिंगळा
पाणवठ्याचा मुद्दा मान्य. आतून काळं कापड लावायलाही माझी ना नाही. बाहेरची बाजू मात्र काडीकचऱ्याचीच, त्यावरून मी हलणार नाही. तरटाची सपाट भिंत सकाळच्या तिरप्या उन्हात लांबून ओळखू येते.

ओलेती
मग तरटावर वाळकं गवत खोचा की, कोयत्याशिवाय! आणि कुठलीही केलीत तरी आत बसण्याआधी काठीने तळ चाचपा, सावलीला साप येतात. बसायचं इतकं खाली की भिंग पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला येईल.

वाटाड्या
बाहेर पडण्याचं राहिलंच. पक्षी समोर असताना लपणीतून माणूस उभा राहिला, तर पुन्हा त्या जागेवर तो विश्वास ठेवेलच असं नाही. तो आपणहून उडून जाईपर्यंत थांबा. नाहीतर सोबत्याला लांबून, सरळ दिसेल असा चालत यायला सांगा. पक्षी त्याला पाहून दूर होतो, मग तुम्ही निघा.