गाडीची बॅटरी किती वर्षं टिकली? पेट्रोल आणि हायब्रिड – अनुभव धागा

हायब्रिड गाडीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "घेऊ नका, आठ वर्षांनी बॅटरीला लाखांत खर्च येतो." पेट्रोल गाडीची बॅटरी दर तीन-चार वर्षांनी बदलताना मात्र कुणी हूं की चूं करत नाही. हायब्रिडमध्ये इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि दोन बॅटऱ्या असतात, आणि लोक घाबरतात मोठीला, म्हणजे मोटर चालवणारीला. रस्त्यात खोळंबा करते ती बहुधा छोटी, १२ व्होल्टची. असं माझं निरीक्षण आहे, पण ते चार-पाच गाड्यांवरचं. तुमचे अनुभव हवेत, म्हणून हा धागा.

लिहिताना एवढं जरूर सांगा: गाव कोणतं, गाडी उन्हात उभी असते की सावलीत, रोज धावते की आठवड्यातून एकदा, आणि बॅटरी जाण्याआधी काही लक्षण दिसलं का. 'चार वर्षं टिकली' एवढ्यावरून दुसऱ्याला काहीच कळत नाही.

नागपूर, पेट्रोल हॅचबॅक
गाडी २०१६ ची. सोसायटीत पार्किंग उघड्यावर, दुपारचं ऊन थेट बॉनेटवर. कंपनीतून आलेली बॅटरी २०१९ मध्ये गेली, दुसरी २०२२ मध्ये. भावाची अगदी तशीच गाडी नाशिकला तळघरातल्या पार्किंगमध्ये असते, तिची पहिली बॅटरी पाचव्या वर्षापर्यंत चालली. दोघांचं चालवणं सारखंच, रोजचं ऑफिस.

मला वाटायचं थंडीनेच बॅटरी मरते, कारण आमच्या दोन्ही डिसेंबरच्या सकाळी गेल्या. आमच्या इलेक्ट्रिशियनने नीट समजावलं: मार बसतो मे महिन्यात. उष्णतेने आतल्या शिशाच्या जाळ्या गंजतात, पाणी उडतं. तापमान सरासरी दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. कमजोर झालेली बॅटरी उन्हाळा-पावसाळा कशीबशी काढते. थंडीत ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो, आणि तेव्हा ती हात टेकते. विदर्भातल्या लोकांनी तीन वर्षं पुरी झाली की दिवाळीच्या आसपास बॅटरी तपासून घ्यावी.

मिनिआपोलिस, अमेरिका
नागपूरच्या दादांचं अगदी पटलं. आमच्याकडे हिवाळ्यात उणे २० सहज होतं, तरी माझ्या पेट्रोल सेडानची बॅटरी सहा वर्षं चालली, कारण उन्हाळा सौम्य. इथे बॅटरी घेताना अँपिअर-अवरपेक्षा (साठवणक्षमतेपेक्षा) थंडीतला क्रँकिंगचा, म्हणजे इंजिन फिरवण्याचा, आकडा पाहतात. उणे १८ अंशांना बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते, तो हा आकडा. इतक्या थंडीत तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते. आणखी एक, उतरलेली बॅटरी इथे बाहेर ठेवू नये. चार्ज नसलं की ॲसिड पाण्यासारखं पातळ होतं, गोठतं आणि खोकं फुटतं.

ठाणे, पेट्रोल, घरून काम
२०२० नंतर गाडी फक्त भाजी आणि स्टेशनपुरती. त्यात डॅशकॅम पार्किंगमध्येही चालू. बॅटरी दोन वर्षांच्या आत बसली. दुकानात सांगितलं "तुमचा वापर चुकीचा", आणि वॉरंटी नाकारली. राग आला, पण त्यातून एक छोटा मल्टिमीटर घेतला आणि तेव्हापासून स्वतः मोजते. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवं, नाहीतर दोष अल्टरनेटरकडे (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) किंवा त्याच्या पट्ट्याकडे असू शकतो.

बॅटरी निम्म्यावर आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात, ते मग चार्जिंगने पूर्ण निघत नाहीत. दोन किलोमीटरच्या फेरीत सेल्फने जेवढं खाल्लं तेवढंही परत भरत नाही. आता डॅशकॅम चावीबरोबरच बंद होईल अशी वायर करून घेतली आहे आणि महिन्यातून दोनदा घोडबंदर रोडवर लांब चक्कर मारते. ही बॅटरी चौथ्या वर्षात आहे, सकाळी १२.५ दाखवते.

सांगली, बॅटरीचं दुकान
वीस-बावीस वर्षं हाच धंदा, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताईंनी मोजायची सवय लावली हे फार चांगलं, पण नुसत्या व्होल्टेजवर जाऊ नका. १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच नऊच्या खाली कोसळते, असं रोज बघतो. म्हणून लोड टेस्टर (भार टाकून तपासणारं यंत्र) लावूनच निकाल द्यायचा. बॅटरीवरचा 'हिरवा डोळा' (चार्ज दाखवणारी छोटी खिडकी) आतल्या सहापैकी एकाच सेलची स्थिती दाखवतो. बाकीच्या पाच सेलांचं त्याला काही ठाऊक नसतं.

वॉरंटीचं कार्ड नीट वाचा. '३६ + ३६' लिहिलेलं असेल तर पहिल्या ३६ महिन्यांत मोफत बदल, नंतर फक्त प्रमाणात सूट. बदलून मिळालेल्या बॅटरीला बहुधा मूळ बॅटरीचीच उरलेली मुदत लागू होते. घेताना बनवल्याची तारीख बघा. दुकानात बरेच महिने न चार्ज करता पडलेली बॅटरी नवी असूनही थकलेली असते.

सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना साधी बॅटरी लावून पैसे वाचवायला जाऊ नका. तिथे इंजिन दिवसातून कितीदा तरी चालू होतं, त्यासाठी वेगळ्या बांधणीची बॅटरी लागते. मारुतीच्या अलीकडच्या 'स्मार्ट हायब्रिड'मध्ये एक नेहमीची बॅटरी आणि एक छोटी लिथियम बॅटरी असते. ती छोटी गाडीची चाकं एकटीने ओढत नाही, इंजिनला फक्त हातभार लावते. लोक येऊन विचारतात, "आमची हायब्रिड आहे, दोन लाख लागतील का?" त्यांना आधी मोठ्या बॅटरीच्या हायब्रिडशी असलेला हा फरक समजावून सांगतो.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. दुकानात दिली तर किंमतही कमी होते आणि शिसं योग्य ठिकाणी वितळतं. उघड्यावर बॅटरी फोडणाऱ्यांची मुलं त्या धुरात वाढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पणजी, पेट्रोल
इथल्या दमट खाऱ्या हवेत टर्मिनलवर निळी-पांढरी पूड फार लवकर धरते. गरम पाण्याने धुऊन, सुकवून, पेट्रोलियम जेली लावते. निदान दोनदा 'बॅटरी गेली' म्हणून सांगितलं गेलं ते फक्त टर्मिनलचं होतं. बॅटरी पाच वर्षं चालली.

पुणे, स्ट्राँग हायब्रिड (नुसत्या मोटरवरही चालणारी)
धाग्याच्या सुरुवातीला जे म्हटलंय ते आमच्याकडे तंतोतंत घडलं. आम्ही मुलाकडे परदेशी, गाडी बाणेरला दीड-दोन महिने उभी. परत आलो तर दरवाजेसुद्धा रिमोटने उघडेनात. शेजारचे काका म्हणाले, "झालं, मोठी बॅटरी गेली." मोठी ठणठणीत होती. या गाडीत इंजिन फिरवण्याचं काम मोठी बॅटरी करते. छोटीचं काम एवढंच की संगणक जागे करायचे आणि मोठीला जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) ओढायचे. तेवढंही तिच्याने होईना, म्हणून गाडी 'रेडी' (चालायला तयार) होत नव्हती. दुसऱ्या बॅटरीची जंप देताच चालू झाली. तिला विशेष जोर लागत नसल्यामुळे ती मरायला टेकली तरी आधी कळत नाही, सेल्फचा आवाज जड होणं वगैरे लक्षण नाहीच. आता लांब जाताना शेजाऱ्यांना आठवड्यातून एकदा अर्धा तास 'रेडी'मध्ये ठेवायला सांगतो.

धागाकर्ता
पुण्याच्या अनुभवाला जोडून: इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर हमी आहे. ती निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची आहे, तर ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये लिथियम-आयन. आपल्याकडे या गाड्या २०२२ पासूनच्या, म्हणून दीर्घ अनुभव परदेशातल्या मंडळींकडूनच मिळेल.

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
मग मी सांगतो. २००७ ची प्रियस (टोयोटाची हायब्रिड) नवी घेतली, मूळ हायब्रिड बॅटरी २०२० पर्यंत चालली. त्या काळात १२ व्होल्टची दोनदा बदलली. मोठी बॅटरी टिकते कारण गाडीचा संगणक तिला कधी पूर्ण भरू देत नाही की पूर्ण रिकामी होऊ देत नाही. कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठीच्या अमेरिकन मासिकाने २०११ मध्ये दोन लाख मैलांहून जास्त धावलेली २००२ ची प्रियस तपासली होती. मायलेज नव्या गाडीच्या चाचणीएवढंच भरलं. टोयोटाने इथे २०२० मॉडेलपासून हमी १० वर्षं किंवा १,५०,००० मैल केली.

शत्रू इथेही उष्णताच. मागच्या सीटशेजारी एक जाळी असते, तिथून पंखा केबिनची हवा बॅटरीवर घेतो. आमच्याकडे कुत्रा आहे, जाळी केसांनी भरायची. दर सर्व्हिसला ती साफ करवून घ्या, आणि तिच्यासमोर उशा-पिशव्या ठेवू नका.

२०२० मध्ये एका गॅरेजने मोठ्या बॅटरीतल्या २८ मॉड्यूलपैकी (सुट्या तुकड्यांपैकी) खराब एकच बदलून दिलं. काही महिन्यांत शेजारचं गेलं, मग तिसरं. सगळी एकाच वयाची, त्यामुळे एक गेलं की बाकीची मागोमाग जातात. शेवटी पूर्ण नवा पॅक घातला, गाडी अजून चालू आहे. घरी उघडायचा प्रयत्न मात्र कुणी करू नये. नारिंगी केबलमध्ये २०० व्होल्टहून जास्त असतात.

कोल्हापूर
जुनी हायब्रिड घेण्याचा विचार आहे, दहा वर्षांची. बॅटरी बरी आहे की नाही हे विकत घेण्याआधी कसं कळणार?

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
दादा, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावणारा माणूस बरोबर न्या. प्रियसमध्ये दोन-दोन मॉड्यूलचे १४ ब्लॉक वेगवेगळे दिसतात, इतर गाड्यांतही असंच काहीतरी वाचता येतं. आधी उभ्या गाडीत आकडे बघा, मग चढावर जोरात पळवताना बघा. उभी असताना सगळे सारखेच दिसतील. भार पडल्यावर एखादा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा व्होल्टभर खाली जात असेल, तर पूर्ण पॅकचा खर्च वजा करूनच किमतीचं बोला. मालक चढावर चालवू देत नसेल, तर ती गाडी सोडा.