मदत हवी आहे: परीक्षणासाठी आलेला अ‍ॅम्पच बिघडलेला निघाला, लिहू की गप्प बसू?

नमस्कार मंडळी,

हौस म्हणून ऑडिओच्या वस्तूंची परीक्षणं लिहितो. एरवी वस्तू माझ्या नाहीतर मित्रांच्या, खिशातल्या पैशांनी घेतलेल्या. या वेळी एका छोट्या देशी उत्पादकाने आपणहून अ‍ॅम्प पाठवला. दोघांचाच कारखाना, बोर्ड हाताने सोल्डर करतात. सॉलिड स्टेट (व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवाला), नेहमीच्या क्लास एबी पद्धतीचा, ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट, किंमत चाळीस हजारांच्या आत. नाव मुद्दाम देत नाही. ओळखलंत तरी कृपया इथे लिहू नका.

नवा अ‍ॅम्प स्पीकरला जोडण्याआधी मी इनपुट शॉर्ट करतो, म्हणजे आत सिग्नलच जाणार नाही, आणि स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटर लावतो. तिथे डीसी व्होल्टेज जवळजवळ शून्य हवं. उजवीकडे ११ मिलिव्होल्ट डीसी, म्हणजे उत्तम. डावीकडे ३.१ व्होल्ट! अर्धा तास तापू दिला तरी आकडा हलेना. भंगारातला एक चार इंची सुटा स्पीकर जोडला, तर त्याचा पडदा पुढे आला आणि तिथेच अडून राहिला. चांगले स्पीकर लावायची छाती झाली नाही.

उत्पादकाला फोन केला. माणूस सज्जन. म्हणाला, "सर, कुरिअरवाल्यांनी आपटला असणार. आजच दुसरा पीस टाकतो. फक्त पहिल्याचा उल्लेख नको, आत्ताच कुठे जम बसतोय."

इथेच घोडं पेंड खातंय. दुसरा पीस तो दहा वेळा तपासून पाठवणार, गिऱ्हाइकाला तसा कोण देतो? पण एका पीसवरून "यांचा माल असाच" म्हणणं हाही अन्यायच. मोठ्या कंपनीबद्दल शंभर परीक्षणं असतात, त्यात एक वाईट खपून जातं. यांच्याबद्दल मराठीत शोधलं तर कदाचित माझंच तेवढं सापडेल.

तर पहिल्या पीसबद्दल लिहायचं का, आणि किती? शिवाय झाकणाला सील आहे. उघडून बघू का?

प्रतिसाद: लिहाच. अमेरिकेतल्या 'स्टिरिओफाइल' मासिकाची पद्धत बघा: परीक्षणाबरोबर मोजमापं छापतात आणि उत्पादकाचं उत्तरही त्याच अंकात देतात. तुम्हीही मसुदा आधी त्यांना पाठवा, चार-पाच दिवस द्या, उत्तर येईल ते काटछाट न करता खाली छापा. मजकूर बदला म्हणाले तर फक्त चुकीची माहिती दुरुस्त करायची, मत नाही.

प्रतिसाद: मी उलट म्हणेन. पुठ्ठ्याचा खोका कुरिअरमध्ये कसा फेकतात ते सगळ्यांना माहीत आहे. बिचाऱ्याचा नवा धंदा, बदली पीसही लगेच देतोय. सेवा चांगली आहे एवढं लिहा आणि पुढे चला.

प्रतिसाद: वरच्यांना विचारतो, आपटल्याने एका चॅनलला नेमका ३ व्होल्ट ऑफसेट (नको असलेला डीसी) कसा येईल? येऊ शकतो, सोल्डरचा सांधा तडकला तर. पण माझा संशय वेगळा. अशा अ‍ॅम्पमध्ये फीडबॅकच्या वाटेवर (आउटपुटचा थोडा भाग जिथून इनपुटकडे परत जातो) ग्राउंडकडे जाणारा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो. तो धड असेल तर डीसीसाठी गेन १ राहतो, म्हणजे डीसी वाढत नाही. तो लीक झाला किंवा उलटा बसवला गेला, की इनपुटवरचे शंभरेक मिलिव्होल्ट तीसपट होऊन बाहेर येतात. हिशोब जुळतोय बघा. सील मात्र तुम्ही तोडू नका, पीस त्यांचा आहे. आतले फोटो त्यांच्याकडूनच मागवा.

आता खरा मुद्दा. ३ व्होल्टने तुमचा वूफर (स्पीकरमधला खालच्या स्वरांचा भाग) लगेच जळणार नाही. ६ ओहमच्या कॉइलमध्ये दीड वॉट उष्णता, एवढंच. ट्वीटरपर्यंत (वरच्या स्वरांच्या भागापर्यंत) तर क्रॉसओव्हरमधल्या, म्हणजे स्वर वाटून देणाऱ्या सर्किटमधल्या, कपॅसिटरमुळे डीसी पोचतही नाही. पण आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर पुरवठ्याचे ३५ व्होल्ट थेट वूफरवर येतील, म्हणजे दोनशे वॉट. तेव्हा वाचवतो तो प्रोटेक्शन रिले, म्हणजे डीसी दिसताच स्पीकर तोडणारा आपोआप स्विच. ३ व्होल्ट डीसी असतानाही स्पीकर जोडलेलाच राहिला, याचा अर्थ या अ‍ॅम्पमध्ये रिले नाही, किंवा आहे आणि चालत नाही. कपॅसिटर खराब निघणं हे नशीब. रिलेच नसेल, तर तो दुसऱ्या पीसमध्येही नसेल आणि गिऱ्हाइकाच्या पीसमध्येही नसेल. ते लिहायलाच हवं, आणि बदली पीसची वाट न बघता.

(पुण्याच्या तापकीर गल्लीत तयार प्रोटेक्शन बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. चाळीस हजारांच्या अ‍ॅम्पमध्ये वाचवायची ही जागा आहे का?)

प्रतिसाद: कायद्याचं थोडक्यात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांनुसार फुकट मिळालेल्या वस्तूचं कौतुक करताना तसं सांगावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या कायद्यात शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे. तुमचा पीस परत जाणार असला तरी "उत्पादकाने पाठवला" ही ओळ सगळ्यात वर टाका. दोष लपवून स्तुती केलीत, तर ते परीक्षण राहत नाही, जाहिरात होते.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. रिलेचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच फोन झाला. रिले नाहीये. "सिग्नलच्या वाटेत रिलेचा कॉन्टॅक्ट आला की आवाज बिघडतो," असं त्यांचं म्हणणं. हे मत असू शकतं, बरेच जण असं मानतात, पण मग निदान आउटपुटला फ्यूज तरी? त्यावर "बघतो" म्हणाले.

म्हणून असं ठरवलंय: पहिल्या पीसचे दोन्ही चॅनलचे आकडे, त्यांनी दिलेलं कारण आणि "एकच पीस पाहिला, बाकीच्यांचं माहीत नाही" हे वाक्य एका परिच्छेदात. रिले नाही हे वेगळ्या ठळक ओळीत, आणि ती ओळ परीक्षणाची वाट न बघता आज रात्रीच टाकतो. मसुदा त्यांना पाठवीन, उत्तर जसंच्या तसं छापीन. आवाजाबद्दल दुसऱ्या पीसवरूनच लिहीन, कारण पहिल्यावर काही ऐकलंच नाही.

एक अडचण उरलीच. कोणी हा अ‍ॅम्प दुकानातून, स्वतःच्या पैशांनी घेतला असेल आणि पुण्यात असेल, तर अर्ध्या तासासाठी मीटर लावू द्याल का? निवडून न पाठवलेला पीस मला दुसरीकडे कुठे मिळणार? चहा माझ्याकडून.